अंगावरचे आकडे आणि एक शब्द

मित्रांनो, मी एक जुने जर्मन पिस्तूल आहे. शंभरी ओलांडली, तरी माझी भीती सुटलेली नाही. तुम्हाला वाटेल, पिस्तुलाला कसली भीती? माझ्या नळीसमोर कोण यावे, हे मला ठरवता येत नाही, त्याची.

कारखान्यात माझ्यावर ४७३८ हा क्रमांक ठोकला आणि लहानसहान भागांवर नुसते शेवटचे ३८. बार उडवून परीक्षा घेतली आणि पास झाल्याची खूण म्हणून छोटा मुकुट उमटवला. त्याचा मला फार तोरा होता. पण सगळ्यांत मोलाची खूण वेगळीच. आत गोळी असली की माझ्या पाठीवरची पट्टी किंचित वर येते आणि तिच्या कडेला एक शब्द दिसतो, गेलाडेन. मला बोलता येणारा तेवढाच.

एका जपानी अधिकाऱ्याने मला इथे जपानमध्ये आणले, भरलेलेच कपाटाच्या चोरकप्प्यात लपवले आणि तो वारला. ऐंशी वर्षे मी अंधारात पडून होते. मग ते कपाट जुन्या सामानाच्या दुकानातून ग्योतोकु उपनगरात, नोकरीसाठी इथे आलेल्या उदयच्या घरी आले.

रविवारी सकाळी त्याला मी सापडले. आधी खेळणे वाटले. पण खेळण्यावर इतके आकडे कोण ठोकेल? तोयोसुच्या ऑफिसात करतो तसा त्याने लॅपटॉपवर तक्ता मांडला. पुढचा ३८ शोधत तो मला फिरवत राहिला. त्याचे बोट चापाजवळ होते आणि माझ्यासमोर त्याची सात वर्षांची मुलगी जुई गृहपाठ करत होती. माझी पट्टी वर होती. माझा जीव घाबरा झाला.

"सगळे नंबर मॅच होताहेत," तो खुशीत म्हणाला, "आणि कंपनीचं नाव गेलाडेन."

त्याची बायको अनघा स्वयंपाकघरात होती. पुण्यात अकरावी-बारावीला मार्कांसाठी तिने जर्मन घेतले होते. ती हातातला झारा घेऊनच बाहेर आली.

"उदय, बोट काढ. ते नाव नाही. गेलाडेन म्हणजे भरलेलं. जुई, इकडे ये."

"चोत्तो मात्ते," थांब जरा, जुई मान वर न करता म्हणाली. तिच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

अनघाने तिला दंडाला धरून ओढले. उदयने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि पोलिसांना फोन केला. घरात पिस्तूल सापडले म्हणून व्हिसा जाईल, अशी त्याला काळजी होती.

त्यांना काही त्रास झाला नाही. मी आता पोलिसांच्या पिशवीत आहे. मला वितळवणार आहेत. मुकुट जाईल याचे वाईट वाटते. भीती मात्र माझ्या भाऊबंदांची वाटते, ते अजून कुठल्या कुठल्या कपाटांत पडून असतील. मित्रांनो, असे काही दिसले तर हात लावू नका, आकडे वाचत बसू नका. लांब व्हा आणि मोठ्यांना सांगा. आमच्यापैकी पुष्कळांच्या अंगावर तो एक शब्दही नसतो.