सप्टेंबरातली लोकर

"पानी कितना है आज?" बापूंनी फोन कानाशी घट्ट दाबून विचारलं.

"घुटने तक, काकाजी," पलीकडून ताशी म्हणाला. हिमाचलात खिंडीखालच्या शेवटच्या गावात तो खेचरं हाकायचा, आणि जूनपासून बापूंच्या मुलीचा शोध घेणाऱ्या पोरांचा म्होरक्याही तोच होता. "पानी तो कम है. पर ऊपर ताज़ी बर्फ गिर गई. लड़के लौट आए. अब अगले साल देखेंगे."

"पानी कम हुआ, तो अब ऊपर आएगी ना? हमारे यहाँ नर्मदा में तो तीसरे दिन..."

ताशी हळू आवाजात म्हणाला, "काकाजी, बुरा मत मानना. यह नर्मदा नहीं है. बर्फ का पानी है. इतनी ठंड में शरीर सड़ता नहीं. सड़े नहीं, तो फूले नहीं. फूले नहीं, तो ऊपर कैसे आए? दीदी बर्फ-पत्थर के नीचे जहाँ है, वहीं है."

बापूंनी फोन ठेवला. नर्मदेकाठच्या शहरातल्या, चेरीतालच्या त्या खोलीत पंखा गरम हवा नुसती ढवळत होता. बापूंची सगळी नोकरी संरक्षण कारखान्यात तंबू शिवण्यात गेली. बर्फात टिकणारे, दुहेरी अस्तराचे तंबू. बर्फ मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो पाहिला त्यांच्या मुलीनं, अवंतीनं. शहरातल्याच मदनमहालच्या खडकांवर चढता चढता ती हिमाचलात पोचली आणि लोकांना डोंगर फिरवून आणणं हाच तिचा धंदा झाला.

ओढ्यावर साचलेल्या बर्फाचा पूल होतो, हे तिनंच त्यांना समजावलं होतं. पहाटे तो दगडासारखा असतो. खालून पाणी त्याला पोखरत असतं आणि वरून ऊन लागतं. दुपारी तो वरून तसाच दिसतो, पण आतून पोकळ झालेला असतो. त्या दिवशी तिच्या गटातल्या कोणाचे फोटो संपता संपेनात. निघायला उशीर झाला. अवंतीनं एकेकाला पलीकडे पाठवलं आणि शेवटी स्वतः पाय टाकला.

"काय म्हणे ताशी?" स्वयंपाकघरातून सुनेत्राबाईंनी विचारलं. हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. "पानी उतरलं?"

"उतरलं," बापू म्हणाले.

"मग झालं. आता देईल ते. नदी कोणाले ठेवून घेत नाही. ग्वारीघाटचा कोणताही नाववाला सांगेल."

बापू काही बोलणार तेवढ्यात दाराशी स्कूटर थांबली. त्यांचा धाकटा भाऊ अतुल नेपियर टाउनहून आला होता. रेल्वेतल्या कारकुनाच्या सवयीनं तो उभ्याउभ्याच मुद्द्यावर आला.

"दादा, परवा सर्वपित्री अमावस्या. मी गुरुजींशी बोललो. पळसाचे देठ मिळून जातील म्हणे."

देह सापडला नाही की पळसाच्या देठांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. बापूंना ते ठाऊक होतं. सुनेत्राबाईंनाही ठाऊक होतं, म्हणून तर त्या हातातलं उलथनं घेऊनच बाहेर आल्या.

"काहून बोलला? तुले कोणी सांगितलं होतं?"

"वहिनी, कधीतरी करावंच लागते ना."

"तुझी जुनी स्कूटर चोरीले गेली होती, तर दोन वर्षं पोलीस ठाण्यात चकरा मारून राहिला होता तू. गंजकी स्कूटर! अन् माझ्या पोरीले तीन महिन्यांत सोडून देऊ?"

"वहिनी, स्कूटर सापडली थोडीच!" अतुलच्या तोंडून निघून गेलं. मग त्याचा चेहराच पडला आणि तो खाली मान घालून पायातली चप्पल काढू लागला.

"पानी उतरलं म्हणून राहिले हे. विचार यांना."

बापू खुर्चीतून उठले. त्यांना बसून सांगता येईना.

"सुनेत्रा, तिकडे नवा बर्फ पडला. पोरं परत आली." ते थांबले. "अन् ती वर येणार नाही. पानी उतरलं तरी नाही. आपली नदी गरम असते, म्हणून देते. तिथं थंडीनं शरीर खराबच होत नाही. म्हणून ते वरही येत नाही."

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला. अतुलनं आत जाऊन गॅस बंद केला.

"खराब होत नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. "म्हणजे ती तशीच आहे?"

"तशीच. जशी गेली तशी."

"थंडीत?"

बापूंनी होकारार्थी मान हलवली.

सुनेत्राबाईंनी उलथनं टेबलावर ठेवलं, परत उचललं, पुन्हा ठेवलं. मग त्या अतुलला म्हणाल्या, "बोलाव गुरुजींना."

गुरुजी संध्याकाळी येऊन गेले. काय काय लागेल ते सांगता सांगता म्हणाले, "देठ बांधायला शास्त्रात लोकरीचा धागा सांगितलाय. पण सुती चालतो. या उकाड्यात लोकर कुठं शोधता!"

"लोकरच पाहिजे," सुनेत्राबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बापू बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात लोकर शोधायला गेले. पहिल्या दुकानदारानं हसून हात जोडले. "दिवाली के बाद आइए, काका." दुसऱ्यानं पंख्याकडे बोट दाखवलं. "इस गर्मी में ऊन? तबीयत तो ठीक है, बाबूजी?" बापूंचा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी एका जुन्या दुकानात मालकानं माळ्यावर चढून गेल्या हिवाळ्यातला एक पुडा खाली काढला. पिवळ्या रंगाचे गुंडे होते.

"प्योर है?"

"एकदम प्योर. किसके लिए बन रहा है?"

"बेटी के लिए."

"कितनी बड़ी है?"

बापूंनी आपल्या डोक्याच्या थोडा वर हात धरला. "इतनी."

"अरे वाह, बाप से भी ऊँची! फिर एक गोले में क्या होगा? सब ले जाइए."

बापूंनी सगळे गुंडे घेतले.

अमावस्येला ग्वारीघाटावर तर्पणाची गर्दी होती. गुरुजींनी एका कडेला जागा धरली होती. त्यांनी देठ मांडले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. हात झाले, पाय झाले. अवंती एवढीशी दिसत होती, हातभर. गुरुजींनी चार वेढे दिले आणि धागा तोडायला हात पुढे केला.

"थांबा," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यांनी पायांपासून सुरुवात केली. वेढ्यावर वेढा, घट्ट, मधे फट न ठेवता. पाय झाल्यावर पोट, छाती, दोन्ही हात. एक गुंडा संपला की बापू दुसऱ्याचं टोक मोकळं करून देत. गुरुजी एकदा म्हणाले, "वहिनी, पुरे." अतुलनं त्यांच्या हाताला धरून त्यांना गप्प केलं. देठाचं एक टोकही दिसेनासं झालं, नारळाला टोपीसारखी लोकर बसली, तेव्हाच त्या थांबल्या. त्यांच्या नाकावरून घाम टपटपत होता.

बापूंनी अग्नी दिला.

पळस धडाडून पेटेल असं त्यांना वाटलं होतं. पण आधी वरचा पिवळा धागा आक्रसला, चकाकला आणि वितळला. त्याचे काळे थेंब टपटप खाली पडू लागले. कडवट वास सुटला, प्लास्टिकचा. कारखान्यात अस्तराचा माल आला की ते एक धागा ओढून त्याला काडी लावायचे. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटानं चुरली की तिची राख होते. दुकानात असा एक धागा जाळून पाहायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"अहो," सुनेत्राबाई मागून म्हणाल्या, "लोकर चांगली होती ना? गरम?"

वारा नदीकडून येत होता आणि तो कडवट धूर सुनेत्राबाईंच्या दिशेनं वळत होता.

"एकदम गरम," बापू म्हणाले, आणि विस्तव आणि त्यांच्या मधे जाऊन उभे राहिले.