पायरीवरची दुसरी

पाथर्डी तालुक्यात राजेश्वरीला नावानं ओळखणारे थोडे आणि फोटोनं ओळखणारे फार. ऊसतोड्यांच्या मुलींच्या वसतिगृहाचं माहितीपत्रक उघडा, ती. त्यांचं दिवाळीचं शुभेच्छापत्र उघडा, ती. पुण्याच्या ज्या फाउंडेशनच्या अनुदानावर हे वसतिगृह चालतं, त्यांच्या कॅलेंडरवरही तीच. पायरीवर बसलेली चार वर्षांची एकटी पोर, मांडीवर स्टीलची ताटली, गालांवर ओघळ आणि खाली ठळक अक्षरांत, 'हिला कोण आहे?' हा प्रश्न वाचून चांगल्या चांगल्यांचे डोळे भरून आले, खिशाला हात गेला आणि त्यातून कितीतरी पोरी जेवल्या, शिकल्या. वाईट काहीच नाही त्यात. फक्त ते रडणं पोरकेपणाचं नव्हतं, स्वयंपाकीण बनूबाईच्या पोह्यांतल्या मिरचीचं होतं. आणि पोर एकटीही नव्हती. शेजारी तिला सोडायला आलेली आई बसली होती. फोटोतून तिला कापली होती.

कापणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. फोटोत आई दिसली की बघणारा म्हणतो, 'आहे की हिला आई,' आणि पान उलटतो. अनुदानाच्या मागे धावणाऱ्यांना हे लवकर कळतं. पण कापताना हात जरा ढिला पडला असावा. डाव्या कडेला एक मनगट राहून गेलं, हिरव्या बांगड्यांचं. वसतिगृहाच्या भिंतीवर कॅलेंडर लागलं की लहानगी राजेश्वरी स्टुलावर चढून त्या मनगटावर बोट ठेवायची.

कारण नंतर आईचं तेवढंच उरलं. पुढच्या हंगामात सविता, म्हणजे राजेश्वरीची आई, कारखान्याच्या वाटेवर उसानं भरलेली ट्रॉली उलटून तिच्याखाली गेली. बाप भागवत एकटा परत आला आणि वर्षाच्या आत त्यानं दुसरं लग्न केलं. घरात सविताचा एकही फोटो नव्हता. लग्न घाईघाईनं देवळात लावलेलं, फोटोवाला बोलावलाच नव्हता. मतदार कार्डही निघालेलं नव्हतं. का नव्हतं, हे राजेश्वरीनं कधी विचारलं नाही.

तिला आईच्या अंगाचा वास आठवायचा, वाळलेल्या पाचटाचा. साडीवर घातलेल्या बापाच्या जुन्या शर्टाची खरखरीत बाही आठवायची. चेहरा तेवढा काही केल्या यायचा नाही. मग मोठेपणी, नगरच्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स झाल्यावर, तिनं तो चेहरा जमवायला घेतला. कळा सोसणाऱ्या लेकींच्या उशाशी बसलेल्या आया ती रोज बघायची. कुणाचं ठसठशीत कुंकू घेतलं, कुणाची जाड वेणी, कुणाचा केसांतून फिरणारा हात. अशी हळूहळू एक भरल्या अंगाची, चाळिशीतली, ऐसपैस मांडीची बाई तिनं मनाशी उभी केली. ड्यूटी संपवून खोलीवर आली की त्या मांडीवर डोकं ठेवून ती झोपायची. अशी झोप बरी लागायची, पण जाग आली की छातीत कळ उठायची.

यंदा फाउंडेशनच्या अनुदानाची मुदत संपत आली. पुढं द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी त्यांनी नगरला एक कार्यक्रम ठेवला, मोठमोठे देणगीदार येणार होते. वसतिगृह चालवणाऱ्या गोरक्षनाथ सरांचा फोन आला.

"बाळा, तू चार शब्द बोललीस तर काम होईल. फोटोतली मुलगी नर्स झाली, हे लोकांना बघू दे."

"बोलते सर. पण मला तो फोटो अख्खा पाहिजे. न कापलेला."

"अगं, आता इतक्या वर्षांनी तो कुठं सापडायचा?"

"शोधायला लावा त्यांना. न्हाई सापडला तर मी यायची न्हाई."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. ज्या माणसानं वाढवलं, त्याच्याशी ती असं कधी बोलली नव्हती. पण शब्द मागं घ्यावेत असंही वाटेना. सगळ्या जगाला तिचं रडणं बघायला मिळालं होतं, तिला तिची आई तेवढी मिळाली नव्हती. हा कुठला न्याय?

फाउंडेशनमध्ये स्नेहल नावाची एक मुलगी होती. तिनं ते मनावर घेतलं. ज्यानं फोटो काढला त्याचा स्टुडिओ कधीच बंद झालेला, पण त्याच्या मुलानं माळ्यावरच्या जुन्या फोटोंच्या सीड्या उपसल्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी राजेश्वरीच्या मोबाईलवर निरोप आला. 'ताई, सापडला. पाठवलाय.'

तिनं तो उघडला नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पाथर्डीची एसटी धरली. नगरचं अहिल्यानगर झालं, पण पाथर्डीची गाडी काही वेळेवर सुटायला शिकली नाही. खिडकीतून कोयते, भांडी, शेळ्या आणि माणसं एकत्र कोंबलेले टेम्पो उलट्या दिशेला जाताना दिसत होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या. राजेश्वरीनं फोन पर्समध्ये ठेवला होता आणि पर्स पोटाशी धरली होती. आई दिसायची तर त्याच पायरीवर बसून, असं तिनं ठरवलं होतं.

वसतिगृहाच्या पायरीवर बनूबाई मेथी निवडत होती. आता तिचे केस पार पिकले होते. राजेश्वरी तिच्या शेजारी टेकली आणि तिनं फोटो उघडला.

पहिल्यांदा तिला वाटलं, चुकीचा फोटो आला. ताटली तीच, पायरी तीच, रडणारी ती स्वतःच. पण शेजारी एक पोरगी बसली होती. हडकुळी, गुडघे पोटाशी घेतलेली. साडीवरून पुरुषी शर्ट, त्याच्या बाह्या हातांपेक्षा लांब, एक दुमडून वर केलेली. हनुवटीवर तारुण्यपिटिका. पदराचं टोक दातांत धरलेलं. आणि ती राजेश्वरीकडं बघतच नव्हती. लेक शेजारी रडत असताना तिची मान पार दुसरीकडं वळलेली, वसतिगृहाच्या अंगणाकडं.

एवढी वाट बघितली ती ह्यासाठी?

"मावशी, ही माझ्याकडं बघत बी न्हाई."

बनूबाईनं हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि फोन डोळ्यांपासून लांब धरला.

"सवी व्हय ही," ती म्हणाली. "तिकडं पोरी दोरीवरच्या उड्या मारीत व्हत्या बघ. त्यास्नी बघत व्हती. लई वेळ. मंग मला म्हनली, आक्का, मला बी ठिवून घ्या की. भांडी घाशीन, पोरींतच निजंन."

"मग?"

"मंग काय. आमी समद्या हासलो. म्हनलं, बाई, लेकराची आई तू, तुला कुटं ठिवू? ती बी हासली. तेवढ्यात मुकादमानं जीपचा हॉर्न वाजिवला, तशी पळाली."

राजेश्वरीनं फोन परत घेतला. आता तिनं त्या पोरीकडं आईला शोधणाऱ्या नजरेनं नाही, वॉर्डातल्या नजरेनं पाहिलं. अशा पोरी तिच्याकडं रोज यायच्या. पोट पुढं आलेलं, चेहरा शाळेतला. वय विचारलं की सासू ठरलेलं 'अठरा' सांगायची आणि राजेश्वरी दरडावून म्हणायची, "खरं सांगा." आपल्या आईचं वय मात्र तिनं कुणाला कधी विचारलं नव्हतं. लग्नात फोटोवाला का नव्हता, कार्ड का निघालं नव्हतं, सगळं आता समोर बसलं होतं, बाही दुमडून.

आवाज ऐकून गोरक्षनाथ सर ऑफिसातून बाहेर आले. तिनं फोन त्यांच्या हातात दिला. सरांनी बघितलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"उद्या पडद्यावर हाच लावायचा," ती म्हणाली.

"लावू. पण लोक म्हणतील, हिला आई होती की."

"होती. आई मला होती. तिला कोण होतं, सर?"

सर जिना उतरल्यासारखे सावकाश खाली बसले. "आपल्या नियमात लेकरं बसत होती, बाळा. ती आई म्हणून आली होती. आम्ही आईच बघितली."

"तुम्ही हिला का न्हाई ठेवून घेतलं?"

सरांनी फोन तिच्या हातात परत ठेवला. त्यांचा राग यावा असं तिला वाटलं, पण आला नाही. या एका माणसानं माळावर चार खोल्या उभ्या केल्या होत्या, वर्षानुवर्षं लोकांच्या दारात अर्ज घेऊन उभा राहिला होता. एवढं करूनही पायरीवरची एक पोर बाहेरच राहिली होती.

तिची ती ऐसपैस मांडीची बाई कुठल्या कुठं गेली. या पोरीच्या मांडीवर कुणाचं डोकं मावणार? उलट तिलाच वाटलं, हिला उचलावं. हातपाय धुवायला लावावेत, केस विंचरावेत, पोटभर जेवू घालावं आणि म्हणावं, जा, खेळ. आयुष्यभर आईसाठी जीव तुटला होता, आज लेकीसाठी तुटावा तसा तुटत होता.

"मावशी, हॉर्न वाजल्यावर पळाली म्हणतेस. जाताना मागं वळून बघितलं का तिनं?"

"बघितलं की."

"माझ्याकडं?"

बनूबाईला खोटं बोलता आलं असतं. लेकराचं मन राखायला ती आयुष्यभर बोललीही होती. तिनं मेथीची जुडी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"दोरीकडं, बाई," ती म्हणाली. "पोरींच्या दोरीकडं बघत बघत गेली."