सहा बांगडे

मुख्तारनं पाच आठवडे माशाला हात लावला नव्हता. आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? अहो, ज्याच्या पिढ्या देवगडच्या बंदरावर गेल्या, जो स्वतः वीस वर्षं मोटारसायकलच्या मागे बर्फाची पेटी बांधून नांदगावपर्यंत मासे विकत फिरला, त्यानं पाच आठवडे मासळीकडे पाठ फिरवायची म्हणजे थट्टा नव्हे. पहाटे आपोआप जाग यायची. मग तो लिंबं चिरायचा, कोपरापर्यंत चोळायचा आणि स्वतःचे हात हुंगत बसायचा.

कारण काय, तर लग्न. वय अडतीस. दोन बहिणींची लग्नं लावली, आईचं दुखणं काढलं, तिला कबरीपर्यंत पोचवलं, आणि मग घरात वळून बघितलं तर आपण एकटेच. तीन स्थळं आली नि परत गेली. पहिल्या दोन्हीकडच्यांनी कारण सांगितलं नाही. तिसरीचा भाऊ मात्र तोंडावर बोलला, "माणूस बरो आसा, पण वास येता." मुख्तार हसला, चहा पाजून त्याला वाटेला लावला, आणि त्या दिवशी जेवला नाही.

सनोबरखाला, म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण, मोठी खमकी बाई. ती म्हणाली, "मेल्या, धंदो बदल, नायतर त्या पेटयेबरोबरच संसार कर." तिनंच युक्ती काढली. मुख्तारचा दोस्त निलेश पर्यटकांना खोल्या भाड्यानं द्यायचा. त्याच्या ऑफिसात मुख्तारला खुर्ची मिळाली, एक गॉगल मिळाला, आणि खालेनं गावभर सांगितलं, "आमचो मुख्तार आता पर्यटनात आसा." पेटी गोठ्यात गेली, मोटारसायकलीवर गोणपाट पडलं. बोलायचं ते पुस्तकातलं मराठी. अंगाला एवढं अत्तर की निलेश खिडकी उघडून बसायचा.

असं सगळं जमवल्यावर वैभववाडीचं स्थळ आलं. सलीमा, वय चौतीस, घरी शिवणकाम करायची. वडील मुनीबचाचा एसटीतून निवृत्त झालेले, वर्षापूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालेलं. घरात बापलेक दोघंच. खालेच्या परवानगीनं मुख्तार तिच्याशी चारदा फोनवर बोलला. एकदा ती म्हणाली, "मशीन अडलं की मी त्याच्याशी बोलते, मग चालतं." मुख्तारच्या अगदी ओठांवर आलं होतं, की चढण लागली की मीही गाडीशी बोलतो. पण कुठली गाडी? पर्यटनवाल्याला कसली चढण? तो नुसता "हो का" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला वाईट वाटलं, कारण ती बाई त्याला खरोखर आवडली होती.

जेवणाचं बोलावणं आलं तेव्हा एसटीत बसल्यावर खालेनं हळूच सांगितलं, "एक गोष्ट ध्येनात ठेव. तिचा आधी जमलेला मोडलाहा. कतारात नोकरी आसा म्हणान सांगणारो, तो घरातच बसान होतो. आता खोटा बोलणारो तिका नको."

मुख्तारनं डोळ्यांवरचा गॉगल काढला. "खाले, मग मी कोण?"

"तू पर्यटनात आसस," खाला म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

देवगडचा पाहुणा येणार म्हणून मुनीबचाचांनी हौसेनं बांगडे आणले होते. तेही आदल्या दिवशी, आयत्या वेळी मिळाले नाहीत तर फजिती नको म्हणून. रात्रभर वीज गेली, फ्रिज बंद पडला, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. समुद्रावरच्या माणसाला घाटाच्या पायथ्याशी मासे वाढायचे, ही आपल्याकडची पाहुणचाराची रीत, तिला काय म्हणावं!

मुख्तार आणि मुनीबचाचा जेवायला बसले. खाला आत, पडद्यामागे. सलीमानं कालवणाचं भांडं मध्ये ठेवलं, तांदळाच्या भाकऱ्या ठेवल्या. "सहाच मिळाले," ती लाजून म्हणाली, "पोटभर जेवा." आणि दाराशी उभी राहिली.

मुख्तारनं पहिला घास घेतला. जिभेला चुणचुण झाली, मिरची नसलेल्या ठिकाणी मिरची लागावी तशी. त्यानं बोटानं मांस उसवलं. काट्याजवळ तांबूस, आणि मांसाला बारीक भोकं. वीस वर्षांच्या बोटांना दुसरा पुरावा लागत नाही. हा मासा रात्रभर बर्फाविना राहिलेला होता.

सांगायचं तरी कसं? पहिल्याच जेवणाला पाहुण्यानं म्हणायचं की बाई, तुझा मासा खराब आहे? आपल्या मुलखात याहून मोठा अपमान नाही. शिवाय पर्यटनवाल्याला काट्याजवळचा रंग कुठून कळला, हेही सांगावं लागलं असतं. तेवढ्यात मुनीबचाचांनी ताटात एक बांगडा घेतला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मुख्तारनं हात पुढे केला आणि तो बांगडा सरळ त्यांच्या ताटातून उचलला.

"चाचा, मला मासे फार आवडतात," तो म्हणाला.

चाचा आधी हसले. "खावा, खावा, बंदरचो माणूस!" मुख्तारनं दोन खाल्ले, तीन खाल्ले. भांडं स्वतःकडे ओढलं. चौथ्याला चाचांचं हसू गेलं. पाचव्याला खाला पडद्यामागून पुटपुटली, "शिरा पडो तुझ्या तोंडार!" सहावा संपला तेव्हा भांड्यात तळाचं कालवण राहिलं होतं. तेही त्यानं भाकरीवर ओतून घेतलं. चाचा कांद्याबरोबर कोरडी भाकरी खात होते. मुख्तारनं दाराकडे बघितलं. सलीमाच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून त्याला जमिनीत जावंसं वाटलं. हावरा तर हावरा, पण म्हातारा वाचला, एवढंच तो मनात म्हणत राहिला.

चहा येईपर्यंत त्याचे कान तापले. तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, आणि पायरी उतरताना तो खाली बसला तो उठलाच नाही. रिक्षातून दवाखान्यात नेला. इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं.

"माशाची बाधा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वेळेवर आणलंत. यांच्या सासऱ्यांसारख्या हार्ट पेशंटनं खाल्लं असतं तर अवघड होतं." सासरा कोण, जावई कोण, याचा कुणी खुलासा केला नाही.

डॉक्टर गेल्यावर सलीमा खाटेपाशी येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"अब्बांच्या ताटातला उचललात तुम्ही," ती म्हणाली. "आधी काट्याजवळ बघितलंत. पहिल्याच घासाला कळलं होतं ना?"

मुख्तारकडे आता ना गॉगल होता, ना पुस्तकातलं मराठी.

"कळला होता," तो म्हणाला. "मी मासे इकतंय. वीस वर्सां. पर्यटनात नाय, खंयच नाय. माशांचो वास येता म्हणान लोक परत जातत, म्हणान खोटा बोललंय. तुमका माझी चीड येयत तर येवंदे. माझाच चुकला."

तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"आधीचोय खोटाच बोललो होतो," ती म्हणाली, आणि मुख्तारच्या लक्षात आलं की तिचंही शहरी मराठी गळून पडलं होतं. "खोटा ता खोटाच. माका आठ दिस होये. आनि उत्तर होया तर पर्यटनवाल्याक धाडू नकात. जो खरो आसा, त्येका धाडा."

आठ दिवस मुख्तारला घास गोड लागला नाही. नवव्या दिवशी त्यानं गोणपाट काढलं, पेटी धुतली, बंदरावर जाऊन एकेक बांगड्याचे कल्ले उघडून बघत सहा निवडले. नांदगाव आलं. तिथं त्याची हद्द संपायची. गाडी पुढे चढणीला लागली तसा तो तिच्याशी बोलायला लागला, "चल गो बाय, आज तरी लाज राख."

वैभववाडीत त्या दारापुढे त्यानं भोंगा वाजवला, रोज वाजवायचा तसाच. सलीमा ताट घेऊन बाहेर आली. एक बांगडा उचलून काट्याच्या बाजूनं दाबून बघितला, मग दुसरा. सहाही बघितले. मुख्तार अंगणात उभा होता, हातांना बर्फाचं पाणी, सदऱ्याला खवले. पायरीवर चिरलेलं लिंबू दिसलं. त्याचा चेहरा उतरला. हिलाही वास नको, तो मनात म्हणाला, आणि मुकाट्यानं लिंबाकडे हात नेला.

सलीमानं ते लिंबू उचलून आपल्या ताटात ठेवलं.

"ता बांगड्यांका लावूक आसा," ती म्हणाली. "तुमी हात पाण्यान धुवा आनि भितुर येवा. अब्बा जेवक थांबलेहत."