तिकिटावरचा कोष्टी

पॉवरलूमचं लुगडं स्वस्त झालं अन् आमच्या घरातला माग बंद पडला. पण ह्यांनी मागावरची टोकं काही कापली नाहीत. आम्हा कोष्ट्यांत रीतच तशी. लुगडं उतरवलं तरी सुताची टोकं फणीत राहू द्यायची अन् नवं सूत त्यांलेच जोडायचं. सासऱ्याच्या हातापासून चालत आलेली टोकं ती. हे रोज त्यावरची धूळ झटकायचे. मी म्हणायची, "अवो, इकून टाका तो माग. धूळ खाऊन पोट भरते का?" माझं तोंड पहिल्यापासूनच तिखट.

शेजारच्या भैय्याजींले पोस्टाची जुनी तिकिटं जमवायचा नाद. त्यांनी ह्यांले आफ्रिकेचं एक तिकीट दिलं. कोपऱ्यात इंग्रजांचा राजा, अन् मधात उघड्यावर बसून माग चालवणारा एक काळा माणूस.

"त्याचे पाय पाह्य वं! आपल्यासारखाच मागाच्या पावड्या दाबून राहिला," हे म्हणाले. "त्याचा चालू आहे, मंग आपलाबी होईन."

तेव्हापासून जेवण गोड लागू लागलं त्यांले. मी चिडवायची, "काय म्हणतात तुमचे तिकिटावरचे भाऊ?" तर चक्क हसायचे. माग विकायचं मी बोलणंच सोडलं.

एक दिवस त्यांनी तिकीट दाखवून भैय्याजींले विचारलं, "ह्याले सूत कोण देते जी?"

भैय्याजी हसले. "बळीराम, माझ्या लहानपणचं तिकीट आहे गा हे. तो कवाच मेला असन. तिकडंबी आता मिलचंच कापड."

हे उठून गेले. दुपारी आले ते डोई भादरून!

"अगं बाई! कोण गेलं? खाप्याच्या भाऊबंदांकडून निरोप आला का?"

"नाही वं. तो गेला." त्यांनी तिकीट दाखवलं.

"येड लागलं का तुमाले? ना नात्याचा ना गोत्याचा!"

"कोष्टी होता ना. त्याचं सुतक कोण धरन?"

विहिरीवर आंघोळ करून ते ओल्या धोतरानंच मागापाशी गेले अन् कात्री घेतली. मी धावत जाऊन हात धरला. "अवो, नका ना! मी आपली रागानं बोलत होती!" त्यांनी हात हळूच सोडवला अन् सगळी टोकं कापली. मले रडू आवरेना.

"उद्या ज्याले न्यायचा त्याले माग नेऊ दे," ते म्हणाले. "अन् आज चूल पेटवू नको."

भात चुलीवर शिजत होता. मी तो उतरवला अन् चुलीत पाणी ओतलं.