टोपलीतली माणसं

मास्तरांना चिडायला माणूस लागत नसे, यंत्रावर भागत असे. त्या दिवशी तर यंत्रानेच आपणहून कुरापत काढली होती. त्यांच्या थोरल्या बहिणीचा संगणक सुरू केला की स्क्रीनभर एक निळी पाटी यायची: तुमचा संगणक जुना झाला आहे, आमची नवी प्रणाली त्यावर चालणार नाही, कृपया नवा घ्या. खाली एकच बटण, 'ठीक आहे'. 'ठीक नाही' म्हणायची सोयच नव्हती.

"ठीक आहे म्हणे! यांच्या बापाचं काय जातंय ठीक म्हणायला?" मास्तर कडाडले. "सात वर्षांचं धडधाकट यंत्र, आणि हे घरात घुसून सांगतात टाका उकिरड्यावर. ताई, तो दुकानदार काय म्हणाला?"

"तोही म्हणाला, नवा घ्या," पडद्याआडून ताईंचा आवाज आला. तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे शब्द दातांतून येत होते.

"म्हणणारच. सगळे एकाच माळेचे मणी!"

तंत्रशाळेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून मास्तर दर शनिवारी वाचनालयात एक टेबल मांडून बसत आणि लोकांचे संगणक फुकट ताळ्यावर आणत. विकतच्या, कुलूप घातलेल्या प्रणाली काढून मुक्त प्रणाली बसवून देत. अशी प्रणाली कुणीही वापरावी, उघडून बघावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. येणाऱ्याने पुढे इतरांचीही यंत्रं ताळ्यावर आणावीत म्हणून त्याच्या हातात ते सल्ल्यांचा एक पिवळा कागदही ठेवत. त्यातला पहिलाच सल्ला होता: यंत्राला हात लावण्याआधी मालकाला विचारा, तुमचं काम कुठे ठेवलंय? हे वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं होतं.

पण घरच्या माणसाला काय विचारायचं? ताईंना संगणक शिकवला तोच मुळी मास्तरांनी. चार वर्षांपूर्वी एका दुपारी दोन तास बसून त्यांना आराखडे काढायचा एक मुक्त प्रोग्राम घालून दिला, रेघ कशी ओढायची, वळण कसं द्यायचं ते दाखवलं आणि 'आता तुझं तू बघ' म्हणून निघून गेले. ताईंनी खरंच आपलं आपण बघितलं. त्या शिवणकाम करत, पण साधं नाही. दुकानातले तयार कपडे ज्यांच्या अंगावर बसत नाहीत, अशा माणसांचे कपडे शिवत. कुणाचा एक खांदा खाली, कुणाचा हात कोपरापर्यंतच, कुणाच्या पाठीला बाक. अशा प्रत्येक माणसाचा एक आराखडा असे. ताई त्याला नुसतं 'कागद' म्हणत, कागदावरून संगणकावर आला तरी.

आताही पडद्याआड शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. वर्षापूर्वी शस्त्रक्रिया होऊन त्यांचा एक स्तन काढला होता. लवकरच त्या पुन्हा कामावर जाणार होत्या, आणि वर्गात फळ्याकडे पाठ करून उभं राहायचं तर अंगावर कसा कपडा हवा, याची चर्चा आत हळू आवाजात चालली होती.

बाहेर मास्तरांनी बाह्या सरसावल्या. ताईंच्या संगणकातलं दस्तऐवजांचं कपाट उघडलं, त्यातलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. फोटो उतरवले. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीकडे त्यांचं लक्ष गेलं. चारशे बारा वस्तू!

"चार वर्षांत एकदा टोपली रिकामी करायला काय होतं हिला!" ते पुटपुटले आणि टोपली रिकामी केली. मग प्रणाली पुसली, नवी चढवली. तासाभरात सगळं झालं. निळी पाटी गेली, तिच्या जागी स्वच्छ, शांत स्क्रीन आला. मास्तरांना पहाटेचा गारवा लागल्यासारखं बरं वाटलं.

"बघ ताई! आता दहा वर्षं कुणाचा बाप तुला नवा घ्या म्हणणार नाही."

ताई पडदा सारून बाहेर आल्या, टाचण्या डबीत टाकल्या आणि खुर्चीत बसल्या. "बाईंचा कागद काढते. काखेत थोडा बदल करायचाय." मग त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. "इथली टोपली कुठे गेली?"

"आहे की. डाव्या हाताला. फक्त चित्र वेगळं आहे."

ताईंनी ती उघडली. "रिकामी आहे."

"असणारच. मी कचरा काढला तुझा. चारशे बारा वस्तू साठवून ठेवल्या होत्यास!"

ताईंनी टेबलावरून हात उचलून मांडीवर ठेवले. मास्तर बहिणीच्या तोंडचे शिव्याशाप लहानपणापासून ऐकत आले होते, पण असलं गप्प बसणं त्यांच्या माहितीचं नव्हतं.

"ताई? काय होतं त्यात?"

"सगळं," ताई म्हणाल्या.

"कचऱ्याच्या टोपलीत?" मास्तरांचा आवाज चढला. "अगं, शहाण्या माणसाने काम कचऱ्याच्या टोपलीत ठेवलेलं कधी बघितलंयस?"

"कचऱ्याची तुझी असेल!" ताई ताडकन उठल्या. "माझ्या घरात टोपलीत कचरा असतो कधी? बघ, वाक आणि बघ!"

मास्तरांनी वाकून बघितलं. कापायच्या टेबलाखाली टोपली होती. तिच्यात घडी घातलेले कागद, अर्धी शिवलेली कॉलर, अस्तराचे तुकडे, पुन्हा लागणारं सगळं. ही टोपली ते चाळीस वर्षं बघत होते.

"तू मला रेघ ओढायला शिकवलंस. ठेवायचं कुठे ते शिकवलंस? तो प्रोग्राम कागद कुठे नेऊन ठेवायचा, मला सापडायचे नाहीत. टोपली समोर दिसत होती. काम झालं की टोपलीत टाकायचं, लागलं की बाहेर काढायचं. चार वर्षांत एक कागद हरवला नाही. आज तू आलास आणि दीडशे माणसं पुसून टाकलीस!"

"मला काय माहीत..."

"विचारलंस? मी चार पावलांवर होते. तोंडात टाचण्या होत्या, कानात नव्हत्या!"

मास्तर आणखी चिडले. टोपलीचं चित्र काढणाऱ्यावर चिडले, दुकानदारावर चिडले, ती निळी पाटी लावणाऱ्या कंपनीच्या सात पिढ्या त्यांनी उद्धारल्या. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता ऐक. एकेका कागदाला चार-चार वेळा माप घ्यावं लागतं. तो पोस्टमन डॉक्टरसमोर शर्ट काढत नाही, माझ्यासमोर काढला. चार वेळा. दर वेळी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला आता काय सांगू? माझ्या भावाने घर झाडलं, तू परत उघडा हो?"

पडदा हलला. गाण्याच्या बाई अंगाभोवती शाल घट्ट ओढून बाहेर आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ताई, माझीही मापं परत द्यावी लागतील?"

ताईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी जमिनीकडे.

"उद्या सांगते," ताई म्हणाल्या. बाई कपडे करून निघून गेल्या.

दार लागलं तसे मास्तर भानावर आले. त्यांनी आधी संगणक तडक बंद केला. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत बरंचसं तिथेच पडून असतं, फक्त कुठे आहे त्याची नोंद गेलेली असते. संगणकातली डिस्क जुन्या पद्धतीची, फिरती होती, हे नशीब; नव्या डिस्कवर पुसलेलं सहसा परत मिळत नाही. मास्तरांनी खिशातल्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं आणि पुसलेल्या फाइली हुडकणारा एक मुक्त प्रोग्राम कामाला लावला. कुण्या परक्या माणसाने तो लिहून जगाला देऊन टाकला होता. मास्तरांना देव मानायची सवय नव्हती, पण त्या माणसाला त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

"मिळतील?" ताईंनी विचारलं.

"काही मिळतील. पण नावं मिळणार नाहीत. नुसते आकडे असतील."

"तुझ्या यंत्राला नावं लागत असतील," ताई म्हणाल्या. "मला नाही लागत."

तीनच्या सुमाराला पहिले कागद वर आले. मास्तर एकेक उघडत होते, ताई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा राग तसूभरही उतरला नव्हता. नावं त्या अशी फेकत होत्या, जणू मास्तरांच्या डोक्यात खडे मारताहेत.

"पोस्टमन. उजवीकडे पाठ वर आलीय ना, त्यासाठी ती कळी, जास्तीचा तिकोनी तुकडा. लिही!"

मास्तर वहीत आकडा आणि नाव लिहीत.

"बेकरीवाली. एक हात आखूड. लिही. हा तिचाच दुसरा, हिवाळ्याचा. हा ग्रंथपालाचा मुलगा, बसूनच असतो, म्हणून मागे लांब, पुढे आखूड. लिही की, बघत काय बसलास?"

मास्तर बघतच बसले होते. त्यांना सगळ्या रेघा सारख्या दिसत होत्या. ताईंना मात्र रेघेत माणूस दिसत होता. हळूहळू मास्तरांनाही थोडं कळू लागलं. खांदा उतरता असला की रेघ कुठे मोडते, मान पुढे असली की कापड कुठे वाढतं. साठावा, सत्तरावा कागद येईपर्यंत ते स्वतःच बोलायला लागले. "हा एका पायाने लंगडतो, बरोबर?" असं म्हणून त्यांनी एकदा शाबासकीच्या आशेने मागे वळून बघितलं. शाबासकी मिळाली नाही.

मग एक शर्टाचा कागद उघडला.

"पुढे," ताई म्हणाल्या.

"थांब, हे मला येतं. मान पुढे आलेली. डावा खांदा चांगला दोन बोटं खाली. आणि हे मागचं कापड? पोक आहे चांगलंच. बिचारा! कोण हा?"

"पुढचा उघड म्हटलं ना."

"यादी अर्धवट ठेवायची का? नाव सांग!"

"तुझा आहे तो," ताई म्हणाल्या.

मास्तर हसले. मग हसायचे थांबले. "माझी मापं तू घेतलीसच कधी?"

"घेतली नाहीत. मला डोळे आहेत. वर्कशॉपमध्ये यंत्रावर वाकून वाकून झालं तुझं. तीस वर्षं तुझे शर्ट शिवतेय, दर चार वर्षांनी कागद बदलते."

"पण मला पोक नाही."

"नाही ना दिसत? मग नीट शिवलेत."

मास्तरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. दुपारभर त्यांनी ऐंशी माणसांची व्यंगं मोठ्याने वाचली होती आणि वहीत उतरवली होती. "हे नको लिहूया," ते हळूच म्हणाले.

"का? बाकीच्यांची लिहिलीस की." ताईंनी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "त्यांना अंग नाही? लिही!"

मास्तरांनी लिहिलं.

सहा वाजता प्रोग्रामचं काम संपलं. एकशे त्रेपन्न माणसांपैकी एकशे एकेचाळीस परत आली होती. बाराजणांवर नवी प्रणाली बसली होती, त्यांचं काही उरलं नव्हतं. ताईंनी यादी दोनदा वाचली. गाण्याच्या बाई त्या बारांत होत्या.

"तिला मी सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "तू सांगणार. आणि उद्या नाही, आत्ता."

एरवी मास्तरांनी यावर तासभर वाद घातला असता. ते उठले, घराचा पत्ता विचारला आणि निघाले. रस्त्यावर वर्दळ होती. मागून माणसं येत होती, पुढे निघून जात होती. आपल्यालाही पाठ आहे आणि ती बघणाऱ्याला दिसते, हे मास्तरांच्या ध्यानात आयुष्यात पहिल्यांदाच आलं. ते भिंतीच्या कडेकडेने चालू लागले.

बाईंनी दार अर्धंच उघडलं. "मिळालं?"

"नाही. मी पुसलं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुम्हाला परत यावं लागेल."

बाईंचा चेहरा लाल झाला. "परत यावं लागेल! मास्तर, मी घरातल्या आरशालासुद्धा कापड लावलंय. त्या पडद्याआड पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धा तास नुसती उभी होते. तुम्ही काय मागताय, कळतंय तुम्हाला?"

"दुपारपर्यंत कळत नव्हतं," मास्तर म्हणाले.

बाईंनी दारावरचा हात काढला नाही.

"उद्या दहाला येते म्हणून सांगा ताईंना. आणि तुम्ही त्या घरात दिसता कामा नये."

"नाही दिसणार," मास्तर म्हणाले. पण पाठ फिरवून जायचा धीर त्यांना होईना, म्हणून दार बंद होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.