एकाच हाताच्या दोन सह्या

मी एक जुनी उड्डाणवही आहे. मित्रांनो, आमच्या अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात आकाशात उडायचे तर वैमानिकाला आधी माझ्या पानांवर शिक्षकाची सही लागते. माझी मालकीण वर्ना टोलेफसन ही निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. साठीत ती छोटे विमान उडवायला शिकली. तिने पहिल्यांदा एकटीने उड्डाण केले, तेव्हा तिचे शिक्षक डेल्बर्ट यांनी वैमानिकांच्या रिवाजाप्रमाणे तिच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीवर ठोकला. त्या दिवशी माझा तोरा काय वर्णावा!

मग वर्नाने कापडी पंखांचे तीनचाकी विमान घेतले. त्यासाठी शिक्षण वेगळे, सह्या वेगळ्या. नियम असे किचकट की वाचणाऱ्याचे डोके गरगरावे. एकाने शिकवायचे आणि दुसऱ्याच शिक्षकाने तपासायचे, हे त्यांतच कुठेतरी लिहिलेले. पण आमच्या पंचक्रोशीत शिक्षक एकच. डेल्बर्टनी शिकवले आणि तपासणीच्या ओळीवरही स्वतःच सही ठोकली. शनिवारी वर्ना आपल्या नव्वदीच्या वडिलांना, हार्लनना, मागे बसवून वरून शेत दाखवणार होती. मी ओरडणार तरी कशी?

शुक्रवारी हार्लननी चष्मा लावून मला उघडले.

"वर्ने, शिकवणारा डेल्बर्ट आणि पास करणाराही डेल्बर्टच?"

"बाबा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"चाळीस वर्षं जत्रेच्या स्पर्धेत वासरं नेली मी. आपल्या वासराला आपणच बक्षीस द्यायचं असतं, तर घरात कपाट पुरलं नसतं!"

वर्ना फणफणली, पण तिने नियमावली काढली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. डेल्बर्ट फोनवर ओशाळून म्हणाले, "अगं, मलाही ठाऊक नव्हतं."

शनिवारी दोनशे मैलांवरून लोरेटा क्वाम ही दुसरी शिक्षिका तपासायला आली. मी वर्नाच्या जाकिटात होते. उतरताना वाऱ्याचा झोत आला. वर चढायला जुन्या विमानात दांडा ओढतात, यात ढकलतात. घाबरलेल्या वर्नाने ओढला. विमान जमिनीकडे झेपावले. मागच्या सीटवरून लोरेटाने दांडा ढकलला, म्हणून दोघी वाचल्या.

"डेल्बर्ट दर वेळी मागून दांड्याला हात लावत असणार," लोरेटा म्हणाली. "त्याला सवय झाली, आणि तुला पत्ताच नाही."

तिने सही केली नाही. त्या सीटवर हार्लन असते तर, या विचाराने वर्ना ढसाढसा रडली.

आता ती पुन्हा शिकते आहे. हार्लन रोज विचारतात, "झाली का गं सही?" ती म्हणते, "अजून नाही, बाबा."

मित्रांनो, ते 'अजून नाही' म्हणायला कधी लाजू नका.