डाव्या पंखावरचा फोड

मित्रांनो, मी एक जुना हंस आहे. लगेच मानस सरोवर आणि मोत्यांचा चारा डोळ्यांपुढे आणू नका. दूध आणि पाणी वेगळे करण्याचे काम मला कधी कोणी दिले नाही. मी जस्ताचा हंस आहे. मोटारीच्या बॉनेटच्या टोकावर बसायचे, मान पुढे काढायची आणि वारा कापायचा, एवढ्यासाठी माझा जन्म झाला, आणि तेवढेही माझ्या नशिबी आले नाही. आत्ता मी भंगाराच्या पिंपात एका चेपलेल्या किटलीखाली पडून बोलतो आहे. किटलीला माझे बोलणे आवडत नाही, पण तिला विचारतो कोण?

मिशिगनमधल्या सॅगिनॉ गावात नदीकाठी हॅलार्ड मोटार कंपनीचा कारखाना होता. त्या काळी गाड्या लांबलचक असत, आणि हॅलार्डच्या प्रत्येक गाडीच्या नाकावर माझ्यासारखा एक हंस असे. वितळलेले जस्त साच्यात ओतून आम्हाला घडवत. मग तांब्याची आंघोळ, मग निकेलची, शेवटी क्रोमची. हौदातून वर आलो की आम्ही असे लखलखत असू की तपासणीस आमच्या पोटात बघून स्वतःचे दात कोरून घेई. मीही लखलखलो. फक्त माझ्या डाव्या पंखावर मसुराएवढा एक फोड आला होता. तपासणिसाने त्यावर अंगठा फिरवला, तोंड वाकडे केले आणि मला लाल डब्यात फेकले. त्या डब्यातला माल संध्याकाळी पुन्हा भट्टीत जाई. जन्मल्या दिवशीच मरण, तेही एका फोडापायी!

मला वाचवले वॉल्टर ड्रॅबिकने. तो क्रोमच्या हौदावर कामाला होता. वाफेने त्याच्या नाकातून सारखे रक्त येई, बोटे पिवळी पडली होती. त्याची लहानगी बर्निस त्याला सारखी विचारी, "बाबा, तू दिवसभर काय करतोस?" गाडीच्या नाकाला चमक देतो, यावर तिचा विश्वास बसत नसे. घरची गाडी दुसऱ्याच कंपनीची होती, आणि तीही दोन मालकांनी पिदडून सोडलेली.

सुटीचा भोंगा झाला की कारखान्याच्या दारात रांग लागे. प्रत्येकाने जेवणाचा डबा उघडून पहारेकऱ्यापुढे धरायचा. तरीही काहीबाही लपवून घरी नेणे ही गावातली रीतच होती. घरोघर कपाटांना हॅलार्डच्या दारांच्या मुठी होत्या आणि पाद्रीबाबांच्या न्हाणीघरातला आरसा कुठून आला हे त्यांना कोणी विचारत नसे. वॉल्टरने राय धान्याच्या पावाचे टोक कापून आतला गर काढला, त्यात मला बसवले आणि ते टोक पुन्हा वर लावून टाकले.

पहारेकरी होता ऑर्व्हिल टीग. त्याने डब्यात डोकावून म्हटले, "आख्खा पाव परत नेतोस? बायको इतका वाईट करते होय?" रांग हसली. वॉल्टरही हसला. लोक गाडीवर हंस बसवून मिरवतात, माझी वरात पावातून निघाली.

बर्निसने मला पाहिले मात्र, आईची लाल नेलपॉलिशची बाटली आणून माझ्या दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. "आता याला दिसेल," ती म्हणाली. मग फोडावर बोट ठेवून विचारले, "बाबा, हे काय?"

"लागलंय त्याला," वॉल्टर म्हणाला.

तेव्हापासून शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती माझ्या फोडावर अंगठा फिरवी. दुखऱ्या जागी फिरवतात तसा, अगदी हलका. मला फार बरे वाटे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुख इथेच संपते. पुढचे ऐकवणार नसेल तर खुशाल उठून जा.

एके दिवशी बर्निस म्हणाली, "बाबा, हा एकटाच आहे रे." बस्स. वॉल्टरने दुसरा नापास हंस पावात घातला. त्या दिवशी टीगने पाव हातात घेऊन तोलला. "तुझ्या बायकोनं दगड भाजलाय की काय?" म्हणत त्याने तो गुडघ्यावर मोडला. रांगेत कोणाच्या बुटात, कोणाच्या टोपीत काही ना काही होतेच. ते सगळे जमिनीकडे बघत राहिले.

"टीगसाहेब, नापास माल आहे हो. पोरीसाठी नेत होतो," वॉल्टर म्हणाला आणि सगळ्यांसमोर रडला.

"मग पोरीला सांग, तुझा बाप चोर आहे. तेवढं फुकट घेऊन जा," टीग म्हणाला.

वॉल्टरची नोकरी गेली. टीगने तो दुसरा हंस मात्र भट्टीत टाकला नाही. दारात पकडलेला माल तो गुपचूप स्वतःच्या घरी नेत असे. म्हणजे बघा, त्या दारातून सर्वांत जास्त वस्तू नेल्या त्या पहारेकऱ्याने. हे सारे मला पुढे त्या दुसऱ्या हंसानेच सांगितले.

"या मेल्यापायी घराचं वाटोळं झालं!" म्हणत बर्निसच्या आईने मला चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दानपेटीत टाकले. मग मी हातोहात फिरलो. एका न्हाव्याने मला दार अडवायला ठेवले. एका गॅरेजात माझ्या मानेवर रबरी पट्टे टांगले. एका घरी कुत्र्याने माझ्यावर पाय वर केला, त्याचे कौतुकही झाले. तिकडे वॉल्टर लोकांच्या गाड्या धुऊन धुऊन मेला आणि हॅलार्ड कंपनीही बुडाली. कारखाना रिकामा करताना टीगने पहाऱ्याच्या खोलीतले बिल्ले, पाट्या, किल्ल्या सगळे उचलले. पुढे जमवण्याची चटकच लागली त्याला. गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत तो रोज सकाळी हजर असे.

अशाच एका दुकानात, सेंट हेडविग चर्चच्या तळघरात, मी एका खोक्यातून पोचलो. लोक दान देतील ते मागच्या खोलीत निवडायचे, किमतीची चिठ्ठी लावायची आणि पुढे मांडायचे, असे तिथले काम. निवडायला एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. तिने मला उचलले आणि तिचा अंगठा आपणहून माझ्या डाव्या पंखावर गेला. माझ्या डोळ्यांतला लाल रंग तिने पाहिला आणि मला छातीशी धरले.

"डोरीन," बर्निस म्हणाली, "हा आमचा आहे गं."

दुकान चालवणाऱ्या डोरीनचा एक नियम होता. तिथे काम करणाऱ्याने कोणतीही वस्तू आधी एक दिवस पुढे मांडायची आणि कोणी नेली नाही तरच स्वतः विकत घ्यायची. पण डोरीन म्हणाली, "घाल पिशवीत आणि चालती हो. मी खिडकीबाहेर बघतेय."

"नाही."

"अगं बाई, नियम माझा, मोडतेय मी. तुझं काय जातं?"

"आमच्या घराला एकदा चोर म्हणून झालंय, डोरीन. बाबा त्यातच गेला. मी उद्या पैसे देऊन नेईन, पावती घेऊन."

मित्रांनो, असल्या सरळपणाचा मला संताप येतो. पिशवी समोर होती! पण बर्निसने मला चिठ्ठी लावली. जीव तिचाही अडकला होताच, म्हणून तिने मला खालच्या फळीवर सुपाच्या मोठाल्या भांड्यांमागे सारले. ती भांडी कोणी घेत नसे. बिचारी मागच्या खोलीत बसणारी, पुढची लबाडी तिला काय ठाऊक? दर सोमवारी एकेका रंगाच्या चिठ्ठीचा माल अर्ध्या किमतीत मिळे. तोवर आपल्या आवडीची वस्तू दुसऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून अट्टल गिऱ्हाइके ती दडवून ठेवत, आणि दडवत ती नेमकी त्याच भांड्यांमागे.

सकाळी दार उघडताच टीग आला. म्हातारा झाला होता, डोक्यावर हॅलार्डची टोपी होती. स्वतः दडवलेला मोटारीचा रेडिओ काढायला त्याने भांड्यांमागे हात घातला आणि हाताला लागलो मी.

बर्निस धावत आली. "तो ठेवलेला आहे. माझ्या वडिलांचा आहे तो."

टीगने मला उलटसुलट केले. "चिठ्ठी आहे, म्हणजे विकाऊ आहे. आणि हा फोड बघ. नापास माल. हा दारातून सरळ गेलेला नाही. वडील कोण म्हणालीस?"

"वॉल्टर ड्रॅबिक."

"पाववाला ड्रॅबिक!" टीग इतका हसला की त्याला खोकला आला. "म्हणजे एक त्यानं आधीच पळवला होता? आणि मी इतकी वर्षं समजत होतो, माझ्या हातून काही सुटलं नाही!"

"ऑर्व्हिल, लाज बाळग जरा. देऊन टाक तिला," डोरीन म्हणाली.

"का म्हणून? ड्रॅबिकनं हा फुकट नेला होता. पैसे देऊन नेणारा पहिला माणूस मी आहे."

टीगच्या तळघरात फळ्याच फळ्या होत्या. बिल्ले, नंबरपाट्या, आरसे, आणि मोडीत गेलेल्या गाड्यांवरून काढलेले हंस, काही चकचकीत, काही गंजून करडे पडलेले. त्याच्यासारखेच जमवणारे चार लोक बघायला येत. टीग सांगे, "हा दिवा बुटातून निघाला. त्याला तीन पोरं होती. पाया पडला माझ्या." वस्तूंपेक्षा त्याने ही रडणीच जास्त जपून ठेवली होती.

एकदा बर्निस खसखशीचा केक घेऊन तिथे आली. म्हणाली, "विकू नका हवं तर. पण अधूनमधून हातात घेऊ द्याल?"

"इतक्या हंसांत तुझा ओळखशील?"

"डोळे मिटून. पंखावर फोड आहे ना. आणि त्याच्या डोळ्यांत मी रंग भरलाय."

तिने खरेच डोळे मिटले, फळीवर हात फिरवला आणि मला उचलले. टीगने टाळ्या वाजवल्या. "वा गं! शनिवारी ये, माणसं बोलावतो. त्यांच्यासमोर कर. ओळखलास तर घेऊन जा!"

बर्निस हसत घरी गेली. टीगने केक खाल्ला, हात पुसले आणि चिंधीवर थिनर घेऊन माझे डोळे धुऊन काढले. मग कानस घेतली. शीळ वाजवत तो माझा फोड घासू लागला. हा माणूस जन्मभर दारात बसलेला, हौदाजवळ कधी फिरकला नव्हता. त्याला वाटले चमक आतपर्यंत असते, फोड गेला की हंस कसा नव्यासारखा दिसेल. क्रोम गेले, निकेल गेले, तांबे दिसले, मग करडे जस्त. ते झाकायला त्याने सारा पंख घासला, पंखाला जुळवायला दुसरा, मग मान. शेवटी मी पिंपाच्या झाकणासारखा दिसू लागलो. "च्यायला," टीग म्हणाला आणि त्याने मला गंजक्या हंसांत ढकलले.

शनिवारी बर्निस नवा झगा घालून आली. मला न्यायला तिने मऊ रुमाल आणला होता. माणसे दारू पीत बसली होती. तिने डोळे मिटले. एकेक हंस चाचपत ती माझ्यापाशी आली आणि तिचा अंगठा माझ्या डाव्या पंखावर थांबला. बर्निस, मी आहे! मी आहे ना! पण फोडाच्या जागी खळगा होता. अंगठा पुढे गेला.

"यात नाही," ती म्हणाली. "तुम्ही विकलात तो."

"देवाशप्पथ, इथेच आहे. शोध की!" टीग म्हणाला, आणि सगळे हसले. आयुष्यात एकदा तो खरे बोलला आणि नेमका तेव्हाच तिने विश्वास ठेवला नाही. ती रुमाल मुठीत धरून पायऱ्या चढून गेली.

पुढे टीग मेला. त्याच्या मुलाने सारे खोक्यांत कोंबले आणि सेंट हेडविगच्या मागच्या दारात टाकून दिले. टेबलावर बर्निसच होती. हंस दिसताच खोकी कुठली ते तिने ओळखले आणि एकेक हंस टेबलावर मांडला. प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहिले. प्रत्येकाच्या डाव्या पंखावर अंगठा फिरवला.

"हा चकचकीत ने की," डोरीन म्हणाली. तिच्या हातात तो दुसरा हंस होता, पावातला.

"तो असेल दुसऱ्या कोणाचा तरी," बर्निस म्हणाली आणि तिने त्याला किमतीची चिठ्ठी लावली. मग मला उचलले, उजेडात धरले. "हा तर अगदीच कामातून गेला," म्हणाली, आणि मला पिंपात टाकले.

उद्या भंगाराची गाडी येईल आणि मी पुन्हा भट्टीत जाईन. त्याचे मला फार वाटत नाही, लाल डब्यातूनच मला तिथे जायचे होते. पण मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूला पोचा असेल, तिचा टवका उडाला असेल, कोणा लहान मुलाने तिला वेडावाकडा रंग फासला असेल, तर हात जोडून सांगतो, तो डाग घासून काढू नका. कोणीतरी तिला तेवढ्यावरूनच ओळखत असते.

बर्निस अजून वर टेबलापाशी खोकी चाळते आहे. ती मलाच शोधते आहे.